कमलच्या नावाची घागर

बोरी, ता. जिंतूर
मंगळवार, ७ मे २०२४

वन्सं,

पत्राच्या वर सा. न. वि. वि. लिहायची रीत आहे. त्यातला नमस्कार घ्या, तुम्ही मोठ्या आहात. साष्टांग नाही, आणि विनंती तर मुळीच नाही.

फोन का केला नाही, असं तुम्ही विचाराल. फोन लावला की मामंजी शेजारी येऊन बसतात आणि लेकीचा आवाज ऐकायचा म्हणून स्पीकर लावायला लावतात. आज मला जे बोलायचंय ते तुमच्या वडिलांनी ऐकण्यासारखं नाही. शिवाय फोनवर तुम्ही बोलता आणि मी हूं हूं करते, हे लग्न झाल्यापासून चालत आलंय. म्हणून हे पत्र भुजंगच्या जीपमधून परभणीला पाठवतेय. उत्तरही त्याच्याच हाती द्या.

भक्तीची घागर कुठे आहे?

रविवारी संध्याकाळी पोरगी तुमच्या शिबिरातून घरी आली. आठ दिवस रंग, माती, कागद, बाहुल्या यांच्यात रमलेली पोरगी नाचत येईल म्हणून मी रस्त्यावर जाऊन उभी होते. ती जीपमधून उतरली आणि सरळ घरात गेली. पिशवीत एक प्रमाणपत्र, एक टोपी आणि बिस्किटाचा पुडा. मी जुन्या लुगड्यात गुंडाळून दिलेली घागर नाही, आणि लुगडंही नाही. विचारलं तर म्हणाली, "पाव्हण्यांला दिली." त्यानंतर तिच्या तोंडून हां आणि न्हाई याच्यापलीकडे शब्द निघालेला नाही.

ती घागर तुमच्या शिबिराची नव्हती, वन्सं. तुम्ही निरोप पाठवला होता की मडकी रंगवायची आहेत, आमच्याकडे कमी पडतायत, कुणाकडे असेल तर आणा. भक्ती म्हणाली, मग मी आईची घागर नेते, तिथले रंग चांगले असतेत. आम्ही दोघी आश्रुबा कुंभाराकडे जाऊन ती घेतली होती. अक्षय्य तृतीयेला, आपल्या आखितीला, मेलेल्या माणसाच्या नावानं घागर भरतात, हे मी तुम्हाला सांगायची वेळ यावी? तुम्ही याच घरात वाढलात. आश्रुबा घागर हातात देताना विचारतो, "कुणाच्या नावानं?" एकदा नाव सांगितलं की ती घागर त्या माणसाची झाली. ती बदलत नाहीत, दुसऱ्याला देत नाहीत, पाणी भरून पूजा होईपर्यंत तिला कुणी तोंडही लावत नाही. भक्तीनं त्याच्यासमोर ताठ उभं राहून सांगितलं, "कमल."

कमल म्हणजे तिची आई. गेल्याच्या गेल्या थंडीत ताडकळसला तापानं गेली. बाप त्याआधीच कुठं निघून गेला ते कुणाला ठाऊक नाही. गेल्या आखितीला पोरगी बालगृहात होती, तिथं कोण कुणाची घागर भरणार? जूनमध्ये आमच्या घरी आली. म्हणजे आईला पाणी द्यायची तिची ही पहिली आखिती.

आणि प्रमाणपत्राच्या मागे तुमच्याच सुंदर अक्षरात लिहिलंय, "आमरसाचे ताट ढकलले. हट्टीपणा कमी करावा." वन्सं! घागर भरून पितरांना आंबा दाखवल्याशिवाय आंबा खायचा नाही, हे मामंजी पाळतात तेव्हा तो नेम, आणि दहा वर्षांच्या पोरीनं पाळला की हट्ट?

टोपीबद्दलही सांगून टाकते. तिच्यावर मोठ्या अक्षरात छापलंय, "प्रतिपालक योजनेतील बालक". तुमच्या मुलाच्या टोपीवर तुम्ही "आईबापाच्या घरातील बालक" असं छापून घेतलं असतंत का? मी त्या टोपीनं गरम पातेलं उतरवते.

शुक्रवारी आखिती आहे. घागर गुरुवारी संध्याकाळपर्यंत इथं पाहिजे.

हेमा


परभणी
बुधवार, ८ मे

हेमा,

आशीर्वाद घे आधी, भांडण नंतर. तुझं पत्र वाचून मला घाम फुटला, आणि तो उकाड्याचा नव्हता. माझ्या लग्नाला वीस वर्षं झाली, पण माझ्याशी या भाषेत सासूसुद्धा बोलली नाही.

तुला वाटतं मी तिथं झोपाळ्यावर बसले होते. पंचवीस-तीस लेकरं, प्रत्येकाच्या मागे एक न सांगण्यासारखी गोष्ट. एक मुलगा कात्री हातात दिली की टेबलाखाली जाऊन बसायचा, त्याला बाहेर काढायला दोन दिवस लागले. एक मुलगी सगळ्या मुखवट्यांना तोंडं शिवलेली काढायची. दुपारी वीज जायची, पत्रे तापायचे, आणि पोरांच्या हातातल्या मातीचा लगेच दगड व्हायचा. हे सगळं मी सुट्टीत, पगाराबिगर करते. शाळेतल्या बाकीच्या बाया महाबळेश्वरला गेल्यात.

झालं ते असं. ज्यांच्या मंगल कार्यालयात आपण शिबिर घेतो ते अनंतराव समारोपाला प्रमुख पाहुणे होते. हॉल फुकट देतात, लेकरांना जेवण देतात. शाल-नारळ झालं आणि स्मृतिचिन्ह आलंच नाही, छापणाऱ्यानं ऐन वेळी दगा दिला. अनंतराव स्वतःच प्रदर्शनाच्या टेबलाकडे वळले, ती घागर उचलली आणि म्हणाले, "हीच द्या मॅडम, काय पारंपरिक नक्षी आहे!" फोटोवाला समोर उभा. मी काय त्यांच्या हातातून हिसकावून घ्यायची? मुलांच्या हातची वस्तू पाहुण्यांना देणं ही सगळ्याच शिबिरांची पद्धत आहे. मुलांनाही त्याचा अभिमान वाटतो.

भक्तीनं मला काही सांगितलं असतं तर गोष्ट वेगळी होती. ती काही बोलली नाही. आमरसाचं माझ्या ध्यानात आलं नाही, हे खरं. इथं शहरात आम्ही पाडव्यापासून आंबे खातो. ते प्रमाणपत्र पाठव, दुसरं लिहून देते.

आता मी विचारते. या घागरीचं दादांना माहीत आहे का? माझ्या वडिलांना मी ओळखते. दुसऱ्या कुळाचं पाणी ते आपल्या घरात भरू देणार नाहीत. मग तू चोरून भरणार, त्यांना कळणार, घरात तोंडं फिरणार. जूनमध्ये बालकल्याण समिती वर्षाचा आढावा घेईल. पोरगी तुमच्याकडे ठेवायची की हलवायची, हे दरवर्षी तीच ठरवते. चौकशीला आलेल्या बाईला सासरा आणि सून एकमेकांकडे पाठ करून बसलेले दिसले तर ती काय लिहील? मडक्यापायी पोरगी घालवशील.

तुझा राग खरा आहे, पण तोडगा आहे. काल बाजारातून तशीच घागर आणली आणि तशीच रंगवली. हिरवा काठ, पिवळ्या रेघा, मधे कापसाची बोंडं. मी चित्रकलेची शिक्षिका आहे, ओळखू येणार नाही. सोबत पाठवतेय. तुझं लुगडंही धुऊन आत घातलंय.

तुझी,
ईश्वरी


बोरी
बुधवार, ८ मे, संध्याकाळ

वन्सं,

तुमची घागर परत पाठवली आहे. वाटेत फुटली तर फुटू दे, असं भुजंगला सांगितलं होतं, पण तो मेला सगळ्याच वस्तू जपून नेतो.

ओळखू येणार नाही, असं तुम्ही लिहिलंत. कुणाला? भक्तीनं लुगडं अर्धं सोडलं आणि घागरीच्या काठावर बोट फिरवलं. म्हणाली, "आईच्या साडीचा पिवळा असा न्हवता." मग लुगडं पुन्हा गुंडाळलं आणि माझ्या हातात दिलं. ज्याला तुमचे अनंतराव पारंपरिक नक्षी म्हणाले ना, तो तिच्या आईच्या साडीचा काठ होता. आईचा फोटो नाही तिच्याकडे. तो काठ तेवढा तिला आठवतो.

आणि ती काही बोलली नाही, असं तुम्ही लिहिलंत. तुमचं ते वाक्य मी तिला वाचून दाखवलं. मग तिनं पहिल्यांदा त्या दिवसाचं सांगितलं. अनंतरावांनी घागर उचलली तेव्हा ती तुमच्याजवळ आली, तुमचा पदर ओढला आणि कानात सांगितलं, "आत्या, ती देऊ नका, ती माझ्या आईची हाय." तुम्ही म्हणालात, "इथं मॅडम म्हणायचं." ती म्हणाली, "मॅडम, ती माझ्या आईची हाय." आणि तुम्ही म्हणालात, "आता हस, फोटो काढायलेत."

ती हसली, वन्सं. तो फोटो तुम्ही ग्रुपवर टाकलाय. मी काल नुसता बघितला होता, आज मोठा करून बघितला. अनंतरावांच्या दोन्ही हातांत घागर आहे, पोरगी दात दाखवून हसतेय आणि घागरीच्या बुडाखाली तिचा एक हात अजून तसाच आहे. तो हात तुम्हाला दिसला नाही? चित्रकलेच्या शिक्षिका ना तुम्ही? मला तुमचा इतका राग आलाय की भाकरी थापताना परात उलटली.

खोटं बोललात, तेही पोरीच्या नावावर. ती हट्टी आहे हे लिहायला तुम्हाला प्रमाणपत्राची मागची बाजू पुरली, आणि स्वतःचं एक वाक्य कबूल करायला दोन पानं पुरली नाहीत.

मामंजींना माहीत आहे. चोरून काही करणारी बाई मी नाही. पाडव्यालाच विचारलं होतं. म्हणाले, "पोरीला खाऊ घाल, शाळेत घाल, नवं झंपर शिव, मी कधी नको म्हनलं का? पर परक्या कुळाचं पानी आपल्या देवाम्होरं भरायचं न्हाई. आपले पितर ताटकळतेत." मी वाद घालणार तेवढ्यात भक्तीच म्हणाली, "घरात नगं काकू, मळ्यात भरू, लिंबाखाली." दहा वर्षांची पोरगी माझी अडचण सोडवते! आणि मी हो म्हणाले. त्याचाही मला राग आहे, तो तुमच्यावरचा नाही.

समितीची भीती मला घालू नका. मी त्यांना घर दाखवीन, भांडण असेल तर भांडणही दाखवीन.

उद्या संध्याकाळ. कमलची घागर.

हेमा


परभणी
गुरुवार, ९ मे

हेमा,

हो. ती म्हणाली होती. तू लिहिलंस तसंच, शब्द न शब्द. मला ऐकू आलं नाही असं मी स्वतःला सांगून टाकलं होतं, आणि तुलाही तेच सांगितलं. याच्यावर जास्त लिहीत नाही, लिहिलं की सारवासारव होते.

आता पुढचं ऐक, आणि बसून वाच.

सकाळी अनंतरावांना फोन केला. गोल गोल बोलावं, दुसरी भेटवस्तू देऊ म्हणावं, असं आधी मनात होतं. पण तुझं पत्र समोर होतं. म्हटलं, एकदा तरी खरं सांगावं. सांगितलं, की ती शोभेची वस्तू नाही, पोरीच्या मेलेल्या आईच्या नावाची आखितीची घागर आहे, चुकून दिली गेली, मी रिक्षानं न्यायला येते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "या." मला वाटलं, माणूस समजून घेईल.

हेमा, मी कोणत्या लोकांत वाढले हे मी विसरले. खरं सांगायचं तर हातात घागर घेऊन सांगायचं, फोनवर नाही.

मी पोचले तोवर सगळं उरकलं होतं. दाराला लिंबू-मिरची, उंबऱ्यावर गोमूत्र शिंपडलेलं. अनंतरावांच्या आई नर्मदाबाई पलंगावर पडून, सून वारा घालतेय. मेलेल्या बाईची रिकामी घागर चार दिवस त्यांच्या दिवाणखान्यात, टीव्हीच्या शेजारी होती, हे ऐकून म्हातारीनं घर डोक्यावर घेतलं होतं. माळ्याला सांगून घागर कंपाउंडच्या मागं नेली आणि फोडून टाकली. मी मागं गेले. हिरव्या-पिवळ्या काठाच्या खापऱ्या नालीत पडल्या होत्या.

अनंतराव बाहेर आले आणि मलाच म्हणाले, "मॅडम, असलं काही देतेत का कुणाला? आईचं बीपी वाढलं ना. जरा इचार करायचा." मला शाल-नारळवाला माणूस दिसलाच नाही मग. मी म्हणाले, "तुम्ही मेलेल्या बाईच्या घागरीला एवढं भिता, आणि जित्या पोरीच्या हातातून ती ओढताना हसत होतात. ती पोरगी घागर न्यायला आली असती तर तिच्यावरही गोमूत्र शिंपडलं असतंत का?" ते म्हणाले, पुढच्या वर्षी हॉल मिळणार नाही. मी म्हणाले, फुकट दिलात तरी नको. रस्त्यावरची माणसं थांबून बघत होती. बघू देत.

आता तुझ्यावर रागवायला माझ्याजवळ काही उरलं नाही. स्वतःवर रागवून झालं की उद्या शिबिर भरवणाऱ्या संस्थेला लिहून देणार आहे, की हे शिबिर माझ्याच्यानं होणार नाही. दुसऱ्याच्या लेकरांच्या हातात रंग द्यायचे आणि ते काय रंगवतात ते बघायचं नाही, याला कला म्हणत नाहीत.

उद्या यायचं मनात होतं. येत नाही. भक्तीपुढं कोणत्या तोंडानं उभी राहू? तिला काय सांगायचं ते तू ठरव. माझं एकच मागणं आहे, ते माझ्यासाठी नाही. माझ्या आईची घागर दरवर्षीसारखी नीट भर. मी लांब असले तरी तिला पाणी मिळालं हे कळलं की मला त्या दिवशी घास उतरतो. सोबत आंबे पाठवतेय, त्यातला एक तिच्या घागरीवर ठेव.

ईश्वरी


बोरी
शनिवार, ११ मे

वन्सं,

शिबिराचं आधी. संस्थेला लिहिलं नसेल तर लिहू नका, लिहिलं असेल तर फाडायला सांगा. भक्तीनं घरातल्या सगळ्या जुन्या मोज्यांच्या बाहुल्या केल्यात, परवापासून गल्लीतल्या पोरांना त्यांची नाटकं दाखवतेय. तुम्ही शिकवल्यात म्हणून केल्या. मुखवटेही करा, मातीही द्या, फक्त पोरांनी केलेलं पोरांच्या पिशवीतून घरी जाईल एवढा नियम भिंतीवर लिहा. आणि टोप्या छापू नका. हॉल नसला तर शाळेच्या व्हरांड्यात घ्या.

आता आखितीचं.

घागर फुटली हे मी भक्तीला सकाळीच सांगितलं. खोटं सांगायचं नाही, एवढं तुमच्यामुळं शिकले. ती चुलीपुढं बसली होती. लाकूड आत सारत तिनं विचारलं, "मडकं तर जाळायच्या वक्ताला फोडतेत ना काकू? आईच्या वक्ताला फोडलं होतं. मग आता परत कामून फोडलं?"

मी पुरण वाटत होते, वाटतच राहिले.

मग मी स्वयंपाक सगळा केला. पुरणपोळ्या, रस, कुरडया, सगळं. देवासमोर गव्हाची रास घातली. तुमच्या आईची नवी घागर तिच्यावर ठेवली. आणि तिथंच थांबले. सुनेनं पाणी भरायचं ही आपल्या घरची रीत. मी पाणी भरलं नाही. मधल्या दारात येऊन बसले.

मामंजी आंघोळ करून पाटावर बसले होते. म्हणाले, "भर की." मी म्हणाले, "दोघींचं भरीन. न्हाईतर कुणाचंच न्हाई."

तुमचा निरोप मी वाचला होता. तरीही तुमच्या आईचं पाणी अडवलं. राग आला तर येऊ द्या, मी तुमच्यावर चार दिवस रागावले, तुमचाही हक्क आहे.

तुमचे भाऊ बैलांना पाणी दाखवून येतो म्हणून गोठ्यात गेले ते गेलेच. एवढं पाणी बैल पितात का कधी? मामंजी ओरडले नाहीत. ओरडले असते तर सोपं गेलं असतं. म्हणाले, "हेमा, तुझ्या सासूचं वरसाचं पानी हाय. पाप लागंल." मी म्हणाले, "मामंजी, ती पोरगी रोज सकाळी तुमच्या माठात पानी भरती. ते तुमाला चालतं. तिच्या आईला तांब्याभर चालत न्हाई?"

"रीत काय म्या पाडली का?"

"न्हाई. पर मोडायची म्हनलं की तुमीच आडवे येताव."

ऊन अंगणातून सरकत ओट्यावर आलं. पोळ्या गार झाल्या. मामंजींना साखरेचा आजार, सकाळपासून पोटात चहासुद्धा नाही. ते पाटावरून सरकून भिंतीला टेकलेले मला दिसत होते. मला दया आली नाही असं नाही, पण मी उठले नाही. माझ्यात असली बाई आहे हे मला माहीत नव्हतं.

आणि मग भक्ती मागच्या दारानं कळशी घेऊन आली. माझ्या बाजूनं वाकून आत गेली आणि तुमच्या आईच्या घागरीत पाणी ओतायला लागली. मी ओरडले, "ठेव ती कळशी!" ती थांबली नाही. खाली बघतच म्हणाली, "भरू द्या काकू. आजी सकाळधरनं ताटकळल्या असतील. माझी आई थांबंल. तिला सवय हाय."

वन्सं, त्या वाक्यानं माझं डोकंच फिरलं. तुमच्यावरचा, अनंतरावांवरचा, मामंजींवरचा सगळा राग एकीकडे आणि हा एकीकडे. कमलला मी कधी बघितलं नाही. दुसऱ्याच्या रानात कापूस वेचायची, सगळ्यांची जेवणं झाल्यावर उरलं तर खायची, एवढं पोरगी कधीमधी सांगते. त्या बाईनं लेकीला मागं काय ठेवलं, तर थांबायची सवय. मेल्यावरही रांगेत मागं उभं राहायचं, आणि ते लेकीनंच सांगायचं!

मामंजींनी घागरीकडे बघितलं. ती काठोकाठ भरली होती, एक थेंब गव्हावर सांडला नव्हता. मग त्यांनी पोरीकडे बघितलं. म्हणाले, "काय नाव तुझ्या आईचं?"

वन्सं, पोरगी या घरात अकरा महिने राहतेय. त्यांच्या माठात पाणी भरते, चष्मा शोधून देते, पेपर वाचून दाखवते. पहिल्यांदा विचारलं.

ती हळू म्हणाली, "कमल."

"मोठ्यानं घे. नाव मोठ्यानं घेतेत. सगळ्यांचं झाल्यावर जेवायची म्हनतीस ना? ही माझी घरवाली बी तसंच करायची." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "एका घागरीला एकच नाव असतंय, मला ठावं हाय. कुणी शिकवू नगा. यंदा दोघींचं एकाच घागरीवर घ्या."

तुमच्या आईचं नाव मी घेतलं, कमलचं भक्तीनं घेतलं. तुम्ही पाठवलेला आंबा घागरीवर ठेवला. तुमच्या आईचं पाणी यंदा अर्धं झालं, वन्सं. तुम्हाला घास उतरला नाही तर मला लिहा, पण मी माफी मागणार नाही.

मला वाटलं होतं, हे झालं की माझा राग उतरेल. उतरला नाही. एवढी साधी गोष्ट, एक तांब्या पाणी आणि एक नाव, आणि त्यासाठी म्हाताऱ्या माणसाला दुपारपर्यंत उपाशी बसवावं लागलं, एक घागर नालीत फुटावी लागली, आणि पोरीला असलं वाक्य बोलावं लागलं. मामंजींना मी वाढलं, पण गरम करून वाढलं नाही. गार पोळी मुकाट्यानं खाल्ली त्यांनी. तुमचे भाऊ जेवणाच्या वेळेला बरोबर गोठ्यातून आले, त्यांच्याशी आज सकाळपर्यंत मी बोललेली नाही.

जेवून उठताना मामंजी हात धुता धुता म्हणाले, "फुडच्या साली हिच्या आईची येगळी आन. आश्रुबाला आधीच सांगून ठिव."

पुढच्या साली. जूनमध्ये समिती बसणार, पुढच्या आखितीला पोरगी कुणाच्या घरात असेल ते ती ठरवणार. मामंजींना हे माहीत आहे, कागदावर त्यांचीही सही आहे. या घरात वर्षभर आम्ही तिच्याशी बोलताना पुढच्या वर्षाचं नाव घेत नाही. शाळेचा डबासुद्धा मी मोठा घेतला नाही. भक्ती पाण्याचा तांब्या धरून उभी होती, ती मामंजींकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती.

मी हो म्हणाले. मोठ्यानं म्हणाले, शेजारी ऐकू गेलं असेल. आता जूनमध्ये ज्या कुणाला माझ्या घरी चौकशीला यायचंय त्याला येऊ द्या, मी वाट बघतेय.

हेमा